मिटणारा खडा

टिक्.

एवढाच आवाज झाला. मी दवाखान्यातून रिकामी परत आले होते आणि तेव्हापासून आमच्या घरात भांड्याला भांडं लागत नव्हतं. सगळे पाय न वाजवता चालत, दारं हळू लोटत, जणू मी सतत झोपलेलीच आहे. मी झोपलेली नसे. भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. त्या शांततेत स्वयंपाकघराच्या फरशीवर काहीतरी बारीक पडलं आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, माझा खडा."

अंगठीतला हिरवा खडा. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांची वेळ सांभाळली आणि स्वतःच्या बायकोसाठी एकदाच काय ती चैन केली, ती ही अंगठी. ते गेल्यावर सासूबाईंनी सगळे दागिने काढून ठेवले, ही तेवढी बोटात राहिली. तिच्यासकट कणीक मळायच्या, तिच्यासकट नातीच्या वेण्या घालायच्या.

आम्ही सगळं घर पालथं घातलं. नवऱ्याने सिंकखालचा पाइप उघडला. माझी मुलगी भिंगरी (हे तिचं घरातलं नाव, एका जागी ठरत नाही म्हणून) पलंगाखाली सरपटून दोन बटणं आणि एक सुकलेला वाटाणा घेऊन आली. खडा मिळाला नाही. सासूबाई रिकाम्या कोंदणावर अंगठा दाबून बसून राहिल्या.

"आई, त्यात काय एवढं? दुसरा बसवून आणू," नवरा म्हणाला.

"तुझे वडील गेले तेव्हाही असंच म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या. "दुसरा बसवू म्हणून."

तो गप्प झाला. तसा तो लवकर गप्प होतो. पुढे त्याचा मला फार राग यायचा होता.

शेवटी त्या अंगठी घेऊन नाक्यावरच्या सोनाराकडे गेल्या. सोनाराने भिंग लावलं, कोंदण पाहिलं, खडा धरून ठेवणाऱ्या नख्या झिजल्यात हे त्याला दिसलं असणारच. पण तो म्हणाला, "बसवतो की. पण माई, इतक्या वर्षांचा खडा आपोआप जात नाही. आधी नेत्रमहाराजांना दाखवा. त्यांनी उघडलेला खडा आणा, मी उभ्या उभ्या बसवून देतो."

असे आम्ही नेत्रमहाराजांकडे पोहोचलो. आम्ही म्हणजे सासूबाई, आणि त्यांना जिना चढवायला मी.

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सभागृह होतं. चपलांचा ढीग जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत उतरलेला. आत पंखे गरगरत होते, प्लास्टिकच्या खुर्च्या भरून बायका भिंतींना टेकल्या होत्या, आणि बहुतेकींच्या मुठीत रिकामं कोंदण होतं. एखाद्या गावातल्या अंगठ्यांचे इतके खडे एकाच हंगामात पडावेत, हेच खरं तर पहिलं आश्चर्य. नंतर कळलं की सोनार लोक दुरुस्तीला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक इकडेच धाडायचे.

महाराज आले. पांढरंशुभ्र रेशीम, कातरलेली दाढी, आवाज साय धरल्यासारखा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे माझी नजर आधी नाकावर जाते. जगाचे डोळे उघडणाऱ्या या माणसाला स्वतःला जवळचा आणि लांबचा, दोन्ही नंबर होते.

"खडा पडत नाही, माई," ते माइकमध्ये म्हणाले. "खडा निघून जातो. का जातो? त्याला घरात दिसेनासं होतं म्हणून जातो. रत्न म्हणजे काय? डोळा. तुम्ही त्याला बोटात घालता, त्याने कधी तुम्हाला पाहिलंय का? विचारा स्वतःला."

सगळ्यांनी स्वतःला विचारलं. कोणाचंच उत्तर आलं नाही, तरी माना डोलल्या.

त्यांनी चिमटीत एक खडा धरून दाखवला. पांढरा, निस्तेज, तुटलेल्या दातासारखा. "हा आंधळा. बघून घ्या." खडा पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात गेला, घंगाळावर जाड वस्त्र पडलं, आणि माइकवरच्या शिष्याने सगळ्यांना डोळे मिटून एकच ओळ म्हणायला लावली. ती म्हणता म्हणता माझा पाय बधिर झाला. बराच वेळ गेला. मग महाराजांनी वस्त्राखाली हात घातला आणि खडा वर काढला.

सभागृहात एकदम श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. खडा आरपार झाला होता, दवबिंदूसारखा, आणि आत हिरव्या-तांबड्या ठिणग्या फिरत होत्या. "मी काही करत नाही," महाराज नम्रपणे म्हणाले. "मी फक्त पापणी उचलतो."

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

"माझा हिरवा होता," सासूबाई चाचरत म्हणाल्या.

महाराजांनी खडा किंचित फिरवला. आत हिरवी ठिणगी लकाकली. "मग हे कोण बघतंय तुमच्याकडे, माई?"

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सोनार शेजारच्या खोलीत हत्यारं मांडून बसलाच होता. त्याने खडा ओला असतानाच बसवला. वर एक मखमली डबी मिळाली, कोरड्या तांदळांनी भरलेली. अंगठी तांदळात ठेवायची, म्हणजे नजर लागत नाही. खरकट्या हाताने, ओल्या हाताने घालायची नाही. निघताना महाराजांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईला उभं केलं. आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या मावशी. त्यांनी बोट वर केलं. लख्ख उघडा खडा.

"या माउलीचा डोळा घेतल्यापासून मिटलेला नाही," महाराज म्हणाले. "पुण्याई, दुसरं काय? तुमच्यापैकी काहींचा मिटेल. मिटला तर समजा, घरात काहीतरी आहे."

आमचा मिटला.

सासूबाईंनी तो इतक्या भक्तीने जपला की दिवसभरात दोनदा डबी उघडून बघायच्या तेवढंच. थोड्याच दिवसांत खडा धुरकट झाला, मग पुन्हा तुटलेल्या दातासारखा पांढरा. त्यांनी जेवण सोडलं. मग एकट्याच महाराजांकडे गेल्या, त्यांना घरातलं सगळं रडत रडत सांगितलं, आणि महाराजांना आपल्या घरातलं सगळं कसं कळलं याचं नवल करत परत आल्या.

माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून बोलल्या. आत आल्या नाहीत.

"ते म्हणाले, ज्या कुशीने आलेला जीव धरला नाही, तिच्या सावलीत डोळा उघडा राहत नाही."

मी उठून बसले. "डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत ना, आई? तुम्ही माझ्याबरोबर होतात."

"डॉक्टर म्हणाल्या, कारण सांगता येत नाही. यांना सांगता येतं." मग त्यांनी नजर चुकवली. "भिंगरीला तुझ्याजवळ झोपवू नको म्हणालेत. तेवढं पाळू या."

त्या दिवसापासून माझ्या मुलीची उशी आजीच्या खोलीत गेली. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "थोडे दिवस गं. आईचं वय झालंय, तिचं मन राखायचं."

"आणि माझं काय झालंय?"

तो लवकर गप्प होतो, हे मी सांगितलंच आहे.

माझी मुलगी झोपेत पाय मारते. घामाने तिचे कानामागचे केस ओले होतात आणि त्यांना बिस्किटासारखा वास येतो. पोटातलं एक गेलं होतं, आता कुशीतलं दुसरं एका माणसाने माइकवरून काढून नेलं होतं. मी रडले नाही. त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं. मनातल्या मनात मी त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवायची, हनुवटी कडीत अडकवायची आणि विचारायची: वाचा. सगळ्यात वरची ओळ वाचा. माझ्या मुलीची उशी कुठे आहे ते वाचा.

एके दुपारी सासूबाई शेजारी गेल्या असताना भिंगरी माझ्या दारात आली. एक गाल फुगलेला.

"आजी म्हणते तुझ्याजवळ झोपायचं नाही," ती बोबडं बोलली. तोंडात काहीतरी होतं. "नुसतं बसलं तर चालेल?"

"ये. आधी तोंडातलं थुंक."

"नको."

"थुंक म्हणते ना."

तिने माझ्या तळहातावर लाळेसकट अंगठी टाकली. मी ओरडणार होते, पण ओरडलेच नाही. खडा आरपार होता. आत हिरवी ठिणगी फिरत होती.

"खड्यातले आजोबा उठले," ती म्हणाली. "खूप वेळ चोखलं की उठतात. मग तांदळात गेले की परत झोपतात. आजीला सांगू नको, ती मारेल."

"तू हे आधीपण केलंयस?"

"रोज. ते गोड नाहीत पण."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एक पोरगी, तिची थुंकी, आणि तेवढ्यावर एका माणसाचं रेशीम चालत होतं.

मुलीला मांडीवर घेऊन मी विचार करत बसले. लाँड्रीवाल्या मावशींचे हात दिवसभर पाण्यात. त्यांना अंगठी डबीत ठेवायला सवड कुठली? त्यांचा डोळा उघडा. आमच्या सासूबाई ओल्या हाताने शिवतसुद्धा नव्हत्या, आणि तांदूळ तर उरलीसुरली ओल ओढून घ्यायला बसलेलाच. आमचा मिटला. जी जितकी भक्तीने पाळणार, तितका तिचा खडा लवकर मिटणार, तितकी ती लवकर महाराजांच्या पायाशी परत येणार. पुण्याई नव्हे, ही ओल होती.

दुसऱ्या दिवशी अंगठी डब्यात दडवून मी दुकानात नेली. नळाचं पाणी पेल्यात घेतलं, मिटलेला खडा बुडवला आणि गिऱ्हाईकं करत राहिले. एक आजोबा नंबर तपासून जाईपर्यंत खडा कडेकडून आत साफ होत गेला. मग चष्म्याच्या दांड्या वाकवायला गरम हवेचं यंत्र असतं, त्याच्यासमोर लांबून धरला. हळूहळू पांढरा. पुन्हा पाण्यात. पुन्हा आरपार.

"काय चाललंय?" मालकांनी विचारलं. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणतात.

"डोळे तपासतेय."

काकांनी खडा हातात घेतला, खिडकीकडे धरला. "ओपल नावाच्या खड्याचीच जात आहे एक. पाणी पिते. मला कोणीतरी विकायला आलं होतं फार पूर्वी. पण बाई, हा प्रकार तुला नवा आहे का? न्हाणीघराच्या धुरकट काचेवर पाणी मार, पलीकडचं दिसतं. काच बदलते का?"

खरंच की. धुरकट काचेच्या अंगावर बारीक खाचा असतात, उजेड त्यांत विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. पाण्याने खाचा भरल्या की उजेड सरळ जातो. या खड्याच्या तर पोटभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. कोरडी असली, त्यांत हवा असली, की पांढरा. पाणी शिरलं की आरपार. महाराजांनी ती ओळ इतका वेळ का म्हणायला लावली तेही कळलं. खड्याला पाणी प्यायला वेळ लागतो.

"मग सासूला सांग घरी जाऊन," काका म्हणाले आणि पावतीवर शिक्का मारला. शिक्क्याच्या जांभळ्या शाईने त्यांचं बोट माखलं. ते साबण घेऊन घासत बसले. ती शाई साबणाला दाद देत नाही.

मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. जो पाणी पितो, तो शाईही पिणार.

घरी सांगून काय झालं असतं? सासूबाई तशाच महाराजांकडे गेल्या असत्या, आणि त्यांनी साय धरल्या आवाजात काहीतरी नवं समजावलं असतं. हे झालं शहाणपणाचं कारण. खरं कारण असं की मला नुसतं खरं सिद्ध करायचं नव्हतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

संधी त्यानेच दिली. मिटलेला डोळा पुन्हा उघडायचा तर दोषी बाईने स्वतः घंगाळ भरायचं, तेही सगळ्यांसमोर, मान खाली घालून. सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी भांडेन.

"भरते की," मी म्हणाले. "चांगलं काठोकाठ भरते."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग त्यांचे डोळे भरून आले. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

त्या दिवशी सभागृह तुडुंब होतं. नवऱ्यालाही मी आणलं होतं आणि भिंगरीला त्याच्या कडेवर दिलं होतं. महाराजांनी मला पुढे बोलावलं.

"लाजू नको, मुली. कूस कोरडी पडली तरी मन ओलं ठेवता येतं."

बायकांनी च् च् केलं. मी मान खाली घालून घंगाळ उचललं, मागच्या नळावर नेलं, आणि पर्समधली शाईची अख्खी बाटली त्यात उपडी केली. पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं. वर वस्त्र ओढलं आणि सावकाश, एकही थेंब न सांडता, मंचावर आणून ठेवलं. इतक्या भक्तीने मी आयुष्यात काही वाहून नेलं नसेल.

महाराजांनी वस्त्राच्या कडेखालून आमची अंगठी आत सोडली. मग त्या दिवशी वाटायचे सगळे आंधळे खडे, ओंजळभर, आत ओतले. आत बघायची त्यांना गरज नव्हती. आजवर पाण्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

सगळ्यांनी डोळे मिटले. ओळ सुरू झाली. मी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होते. तोही म्हणत होता, बोटांनी ताल धरत होता. म्हण बाबा, मनात म्हटलं, सावकाश म्हण. त्यांना पोटभर पिऊ दे.

मग त्याने वस्त्राखाली हात घातला आणि बाहेर काढला.

हात मनगटापर्यंत जांभळा होता. चिमटीतली अंगठी जांभळी. बाहीवरून, पांढऱ्या रेशमावरून, मांडीवर जांभळे ओघळ उतरत होते. त्याने खाली पाहिलं, आणि चष्म्याच्या मागे त्याचे डोळे पहिल्यांदा खरोखर उघडले. ते मी पाहिलं. ते माझं झालं.

पण माणूस मुरलेला. "बघा," तो म्हणाला, आवाज किंचित चिरकला. "डोळा उघडला नाही, त्याने रंग दाखवला. हा या बाईच्या सावलीचा रंग आहे."

सभागृह हादरलं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"बरोबर ओळखलंत, महाराज," मी म्हणाले. "रंग माझाच आहे." आणि पर्समधून रिकामी बाटली काढून मंचाच्या कठड्यावर ठेवली. "शिक्क्याची शाई. आमच्या दुकानात पावतीवर मारतात. तुमचा डोळा ती प्यायला. तुम्ही साधं पाणी घालता तेव्हा तो पाणी पितो. तो काहीही पितो, महाराज. माझ्या मुलीची थुंकीसुद्धा पितो."

"या बाईला बाहेर काढा," तो शिष्याला म्हणाला.

मी बायकांकडे वळले. "ज्यांच्या घरी खडा मिटलाय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तेव्हा मला कळलं की त्याचा खरा धंदा खड्याचा नव्हताच. प्रत्येकीला वाटत होतं की फक्त आपल्याच घरात मिटलाय, आपल्याच घरात काहीतरी आहे. प्रत्येक घरात एक सून, एक विधवा नणंद, एखादी न शिकणारी पोर, कोणीतरी दोषी ठरून भिंतीकडे तोंड करून पडलेलं असणार. लाज त्याची राखण करत होती.

शिष्याने माझा दंड धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या लाँड्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "थांब रे. म्हणजे माझा उघडा राहतो तो माझे हात ओले असतात म्हणून?"

"हो, मावशी."

"म्हणजे मी पुण्यवान नाहीच का गं?"

"आहात. पण ते या खड्याला कळत नाही."

मावशी बोटाकडे बघत खाली बसल्या. त्यांच्यामागून एक मुलगीच म्हणावी इतकी तरुण बाई उठली. तिने पिशवीतून मखमली डबी काढली. डबी उघडताना तांदूळ जमिनीवर सांडले. तांदळातून निघालेला खडा दातासारखा पांढरा होता. "माझाही बघाल का?" तिने विचारलं. मलाच विचारत होती.

महाराजांच्या माइकशेजारी त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा पेला होता. मी तिची अंगठी त्यात सोडली.

"काढा म्हणतो ना हिला," महाराज ओरडले.

"थांबा."

हा आवाज सासूबाईंचा होता. त्या मंचापर्यंत चालत आल्या होत्या. महाराजांच्या चिमटीतून त्यांनी स्वतःची जांभळी अंगठी काढून घेतली, पदराने पुसली, पुन्हा पुसली. रंग गेला नाही. "त्या ग्लासात काय होतंय ते मला बघू दे," त्या म्हणाल्या. "आणि तोपर्यंत कोणी काही म्हणायचं नाही. ओळसुद्धा नाही."

आम्ही सगळ्यांनी नुसतं बघितलं. मंत्र नाही, माइक नाही, पंख्यांची घरघर तेवढी. बायका खुर्च्यांवर चढल्या. खडा कडेने साफ होऊ लागला, पांढरा भाग आक्रसत गेला, मधे एक ठिपका उरला, आणि तोही गेला. ठिणग्या फिरू लागल्या. दोषी बाईच्या हाताने, महाराजांच्याच पिण्याच्या पाण्यात.

"पाण्यातही देवत्व असतं," महाराज पुटपुटले.

"मग नळाच्या पाया पडू," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमच्या कशाला?"

हशा पिकला, आणि त्याच हशाबरोबर पर्स उघडू लागल्या. एक डबी, मग चार, मग मोजता येईनात. सगळ्यांचे खडे पांढरे. बायका एकमेकींच्या डब्यांत डोकावून बघत होत्या. "तुझापण?" "अगं, मला वाटलं माझाच." एका सासूने शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. तेही मी पाहिलं.

या गडबडीत महाराज मागच्या जिन्याने निघाले होते. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. जांभळा हात खिशात खुपसून ते उतरत होते. शेवटच्या पायऱ्यांवर धरायला कठडा लागला, हात बाहेर काढावा लागला. खाली लाँड्रीवाल्या मावशींनी आधीच त्यांची वाट अडवली होती. रेशमावरचे डाग कसे काढायचे हे मावशींना माहीत आहे, पण त्या दिवशी त्यांना ते सांगायचं नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली. सोनार आता म्हणतो, "वहिनी, मी फक्त खडा बसवतो." नख्या झिजल्या की खडा पडतो, हे वाक्य त्याला परत म्हणता येऊ लागलं आहे. मला गोड वाटलं. अजून वाटतं. दुसऱ्याचं दुःख माइकवर विकणाऱ्या माणसाची दया करायला मी शिकलेली नाही, आणि शिकणारही नाही.

आम्ही घरी पोहोचलो. दार उघडताना सासूबाई म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही त्याला सांगितलं असतं."

त्यांनी जरा विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. मग जांभळ्या खड्यावर अंगठा फिरवत, "ही पण रंगणार, हे ठाऊक होतं तुला."

"हो."

खडा काढून साधी हिरवी काच बसवू का, असं नवऱ्याने विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "हा खोटा आहे ते दिसतं तरी." आता त्या तिच्यासकट भांडी घासतात. नवरा एका रविवारी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मी बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." अजून तेवढंच झालंय.

तुमच्या घरात अशी डबी असेल तर एक करा. अंगठी काढा, पेलाभर पाण्यात टाका आणि बघत बसा. कोणाला विचारू नका, काही म्हणू नका. मग पुसून कोरड्या जागी ठेवा आणि परत बघा. जे प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या हाताने, पापी-पुण्यवान न बघता सारखंच घडतं, ते पदार्थाचं काम असतं. आणि ते बघून झालं की घरात जिला दोषी धरून कोपऱ्यात बसवलंय, तिच्याकडे जा. कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते जड जातं. पण तुमचं न कळलेलं कारण विकत द्यायला जो बसलाय, त्याच्याकडून ते घेऊ नका. त्याची किंमत घरातलंच कोणीतरी चुकती करत असतं.

काल दुपारी भिंगरी तिची उशी ओढत माझ्या खोलीत आली. उशी तिच्यापेक्षा मोठी, दारात अडकली. तिने ती लाथ मारून आत ढकलली, पलंगावर चढली आणि माझ्या पोटाशी पाठ लावून पडली. कानामागचे केस ओले होते.

"आई, त्या महाराजांना काहीच माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"तुझ्या सावलीने काही नाही झालं."

"काही नाही."

ती पाय हलवत राहिली. मला वाटलं झोपली. मग ती वळली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मग आपलं बाळ का गेलं?"